‘वॉटर टच’ जमिनीचं पाणी उन्हाळ्यात कुठं जातं?

प्रश्न थोडक्यात: पुण्यात नोकरी करणाऱ्या, पंचेचाळिशीतल्या एका वाचकांनी इंदापूर तालुक्यात उजनीच्या पाणफुगवट्यालगत दीड एकर जमीन पसंत केली आहे. घरची वडिलोपार्जित शेती असल्याने शेतकरी दाखल्याची अडचण नाही. ऑक्टोबरात पाहिली तेव्हा पाणी बांधाला लागलेलं होतं, म्हणून विसार दिला. एप्रिलमध्ये पुन्हा गेले, तर पाणी तीनेकशे मीटर मागे हटलेलं. मधल्या जागेत कुणाचा तरी मका उभा, आणि खाली काठावर भोयांच्या होड्या आणि जाळी. एजंट सांगतो, पाण्यापर्यंत सगळं तुमचंच. वाचक विचारतात: पाण्यापर्यंत कुंपण घालता येईल का? मच्छीमारांना आपल्या हद्दीतून कसं हटवायचं? काठाशी रोहू-कटल्याचं बी सोडून निवांत गळ टाकून बसता येईल का? छोटी होडी ठेवावी का? खरेदीखत जूनअखेर ठरलं आहे. पत्नीचा विरोध आहे, कारण ‘तिला पाण्याची आवड नाही आणि पोरांची उगीच काळजी’.

उत्तर:

तुम्ही जमीन ऑक्टोबरात पाहिलीत आणि एप्रिलमध्ये दचकलात. दचकायचं काम एप्रिलने केलं हे बरं झालं, कारण व्यवहार ऑक्टोबरच्या पाण्यावर ठरला होता. उजनीचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला निम्म्याहून जास्त, 63 टीएमसीच्या वर, मृत साठा, म्हणजे एरवी वापरात न येणारं पाणी. धरण भरलं की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून 496.83 मीटरवर असते आणि उपयुक्त साठा संपतो तेव्हा ती 491.03 मीटरवर येते. उभा फरक 5.8 मीटर. आता तुमच्या बांधाखालची जमीन दर पन्नास मीटरला एक मीटर उतरत असेल, तर पाणी आडवं 290 मीटर मागे जाणार. शंभराला एक उतार असेल तर 580 मीटर. तुम्हाला दिसलेलं तीनशे मीटर म्हणजे कुठलीही आपत्ती नव्हे. कालवे, ऊस आणि सोलापूरची तहान यांचा तो दरवर्षीचा हिशेब आहे. पाऊस ओढ देतो त्या वर्षी उजनी ‘उणे’त जाते, म्हणजे मृत साठाही वापरला जातो. 2024 च्या उन्हाळ्यात ती उणे साठ टक्क्यांच्या आसपास पोचली होती. अशा वर्षी पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडतं, बघायला गर्दी होते, आणि तुमच्यासारख्यांच्या ‘वॉटर टच’ प्लॉटपुढे अर्धा-पाऊण किलोमीटर भेगाळलेला गाळ असतो.

म्हणून पहिला प्रश्न मीच विचारते: पाणी वर्षातले सहा-सात महिनेच जवळ असणार आहे हे धरून, याच भावाला ही जमीन तुम्ही घ्याल का? कोरडवाहू दीड एकर म्हणून तिची शेजारच्या गावात, पाण्यापासून दोन किलोमीटरवर, काय किंमत आहे ते काढा. वरचा फरक म्हणजे तुम्ही देखाव्याचे मोजत असलेले पैसे. ते द्यायला हरकत नाही, फक्त कशाचे देतोय ते ठाऊक असावं.

आता ती मधली जागा. धरण झालं तेव्हा बुडिताखाली जाणारी जमीन सरकारने संपादित केली. पाणी ओसरलं की ती उघडी पडते, पण मालकी बदलत नाही. तुम्हाला दिसलेला मका बहुधा गाळपेरीचा. अशी उघडी पडलेली जमीन जलसंपदा विभाग हंगामापुरती कसायला देतो, त्यात धरणग्रस्तांचा विचार आधी होतो. त्यामुळे ‘पाण्यापर्यंत तुमचंच’ हे वाक्य एजंटाकडून कागदावर लिहून मागा. लिहून देणार नाही. तेवढं उत्तर पुरे.

खरी भीती याच्याही पुढची आहे. संपादन झाल्यावर मूळ गटातून तेवढं क्षेत्र कमी करायचं असतं, आणि ते ‘कमी-जास्त पत्रक’ (गावात क.जा.प. म्हणतात) होऊन सातबारावर उतरावं लागतं. जुन्या प्रकल्पांत हे काही ठिकाणी अर्धवट राहिलेलं असतं. परिणाम असा, की सातबारावर दीड एकर दिसतं आणि प्रत्यक्ष मोजणीत बांधाच्या वर एकच एकर भरतं, उरलेलं कधीच सरकारजमा झालेलं. म्हणून नुसता ताजा सातबारा बघून थांबू नका. त्या गटाचे मागचे सगळे फेरफार काढा, क.जा.प. झालंय का ते भूमी अभिलेख कार्यालयात पाहा, आणि मालकाच्या नावाने ‘हद्द कायम’ची मोजणी मागवा. मोजणीचा अर्ज विकणाऱ्याने करायचा, फी हवी तर तुम्ही भरा. मोजणीदार येईल त्या दिवशी स्वतः हजर राहा, लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्यात ना ते विचारा आणि खुणांच्या जागी लगेच दगड पुरून घ्या. चुन्याच्या रेघा पहिल्या वळवाला जातात. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग 2’ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय व्यवहार करता येत नाही. धरणग्रस्तांना मिळालेल्या जमिनी बऱ्याचदा या वर्गात असतात, तेव्हा ते नीट वाचा. ‘इतर हक्क’ या रकान्यात काय लिहिलंय तेही.

हद्द कायम झाली की कुंपणाचा प्रश्न आपोआप सुटतो: कुंपण तिथपर्यंतच. त्याच्या खाली, बुडितात, काटेरी तार नेलीत तर एक तर ती बेकायदा, आणि दुसरं, पावसाळ्यात ती पाण्याखाली जाऊन कुणाचं तरी जाळं फाडणार. त्या भांडणात गाव तुमच्या बाजूने उभं राहणार नाही, आणि राहूही नये.

मच्छीमारांना ‘आपल्या हद्दीतून’ हटवायचं, असं तुम्ही लिहिलंय. होड्या पाण्यात आहेत, पाणी सरकारी जमिनीवर आहे, मग हद्द तुमची कशी? जलाशयातली मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागाच्या अखत्यारीत येते. राज्यातले बरेच तलाव हा विभाग मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने देतो. काठाला जमीन असल्याने माशांवर किंवा पाण्यावर हक्क येत नाही. उजनीवरची भोई कुटुंबं या पाण्यावर पोट भरतात, त्यातली काही धरणाच्या आधीपासून भीमेवर जाळी टाकत होती. तुमच्या बांधावरून त्यांची पाण्याकडे जायची पायवाट जात असेल तर ती अडवायच्या आधी दोनदा विचार करा. वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदार तो मोकळा करून देऊ शकतात. हेच कलम उद्या तुमच्याही कामाला येईल, कारण डांबरी रस्त्यापासून तुमच्या गटापर्यंतची गाडीवाट नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या मेहरबानीवर, हे पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही. ते बघा. काळ्या रानातली वाट जुलैत ट्रॅक्टरलाही दाद देत नाही.

उलट या लोकांशी ओळख वाढवलीत तर फायदा तुमचाच. कुठल्या खाचेत जुनी विहीर आहे, कुठे गावठाणाच्या भिंती पाण्याखाली आहेत, कुठला गाळ पाय धरतो, हे त्यांना माहीत असतं. तुमच्या बांधालगत होडी ओढून ठेवायला आणि जाळी वाळवायला जागा दिलीत तर ओसाड प्लॉटवर रोज दोन माणसांचं येणं-जाणं राहतं. पुण्यात बसून सीसीटीव्ही बघण्यापेक्षा ते बरं.

गळाचं म्हणाल तर छंद म्हणून काठावर बसायला जलाशय मोठा आहे, फक्त आधी सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात परवान्याचं आणि पावसाळ्यातल्या बंदीच्या दिवसांचं विचारून घ्या. तिथे तुम्हाला जास्त करून चिलापीच (टिलापिया) लागणार. ती उथळ पाण्यात, मीटर-दीड मीटर खोलीत, काठाच्या आसपास असते. गांडूळ किंवा कणकेचा घट्ट गोळा, लहान गळ, पहाट किंवा दिवस कलल्यावरची वेळ. रोहूला तळाशी पेंडीचा गोळा लागतो आणि धीरही. पाण्यात ओळीने तरंगणारे थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या दिसल्या की ती जाळ्याची निशाणी समजा. जाळी संध्याकाळी लागतात आणि पहाटे निघतात. त्यांच्यावरून गळ फेकला तर तुमची दोरी अडकेल, आणि ओढाताणीत जाळं फाटलं तर जाळेवाल्याचं त्या दिवसाचं उत्पन्न गेलं. आणखी एक: कुणी ‘टोटा’ (स्फोटक) उडवून किंवा पाण्यात विष घालून मासे काढताना दिसलं तर तो 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. तिथे भिडेखातर गप्प राहू नका.

काठाशी रोहू-कटल्याचं बी सोडायची कल्पना मात्र सोडून द्या. धरणात सोडलेला मासा तुमच्या प्लॉटपुढे थांबत नाही. काठाला जाळी लावून तो अडवायचा तर ते सरकारी पाण्यात अतिक्रमण झालं, आणि सप्टेंबरात भरलेली ती खाच मार्चमध्ये कोरडी पडणार. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात पिल्लं घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं नवं पाणी लागतं. म्हणजे दरवर्षी बी आणणं आलंच. चिलापी मात्र कुठेही पिल्लं घालते, मादी अंडी तोंडात उबवते, आणि तुमच्या बोटुकल्यांचं (बोटाएवढ्या पिल्लांचं) खाणं खाऊन टाकते.

स्वतःचे मासे हवे असतील तर बांधाच्या वर, स्वतःच्या जमिनीत शेततळं घ्या. 30 बाय 30 बाय 3 मीटरचं मोठं शेततळं घेतलंत, तर बांध-भराव धरून ते तुमच्या साठ गुंठ्यांतले चौदा-सोळा गुंठे खाईल. छंदाला 20 बाय 20, खोली 3 मीटर एवढं पुरे. बाजूंना दीडास एक उतार ठेवलात तर तळ 11 बाय 11 चा राहतो आणि पाणी मावतं साडेसात लाख लिटरच्या आत. भराव धरून आठेक गुंठे जातात. नुसत्या काळ्या मातीत पाझर कमी, पण उन्हाळ्यात पातळी उतरली की कडांना भेगा पडतात. खाली मुरूम लागला तर तळं टिकतच नाही. म्हणून 500 मायक्रॉनचं अस्तर घाला. उन्हाळ्यात रोज सात-आठ मिलिमीटर पाणी हवेत जातं, म्हणजे भरलेल्या तळ्यातून दिवसाला तीन हजार लिटर. ते भरून काढायला विहीर किंवा बोअर लागेल, हा खर्च तळ्याच्या खर्चातच धरा. जलाशयात थेट मोटार टाकायची तर जलसंपदा विभागाचा उपसा परवाना लागतो. परवाना मिळाला तरी पाईपच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, नाहीतर पाण्याबरोबर चिलापीची पिल्लं आत येतील आणि दोन वर्षांत तळं बोटभर चिलाप्यांनी भरेल.

बी सोडायच्या पंधरवडाभर आधी या आकाराच्या तळ्यात दहा किलो चुना आणि नंतर ऐंशी-शंभर किलो ताजं शेण टाका. पाणी हिरवट झालं की ऑगस्टच्या सुमाराला 8-10 सेंटिमीटरच्या अडीचशे बोटुकल्या सोडा: कटला 75, रोहू 100, मृगळ 75. तिघांचे खायचे थर वेगळे, वर कटला, मध्ये रोहू, तळाला मृगळ, म्हणून हे प्रमाण. मत्स्यजिरे किंवा अगदी बारीक बी स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका, पहिल्या महिन्यात बेडूक आणि खंड्या फडशा पाडतात. पिशवी आणली की न सोडता पंधरा-वीस मिनिटं तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवा, मग तोंड उघडून तळ्याचं थोडं थोडं पाणी आत घ्या आणि पिल्लं आपणहून बाहेर पडू द्या. हा अर्धा तास वाचवण्याच्या नादात निम्मं बी मरतं. खाद्य शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा, सम प्रमाणात, माशांच्या एकूण वजनाच्या दोन-तीन टक्के. दोनशे मासे सरासरी पाव किलोचे झाले तर एकूण वजन पन्नास किलो, म्हणजे रोज एक ते दीड किलो खाद्य. कोपरापर्यंत हात बुडवून तळवा अंधुक दिसला तर पाणी ठीक. कोपर बुडायच्या आतच तळवा दिसेनासा झाला तर शेण आणि खाद्य बंद करा. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडत असतील तर प्राणवायू कमी झालाय: मोटार लावून तळ्याचंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं परत सोडा, आणि त्या दिवशी खाद्य नको. तुम्ही फक्त शनिवार-रविवारी जाणार असाल तर पहाटेची ही पाहणी कोण करणार, ते आधी ठरवा. ठरत नसेल तर मासे निम्मेच सोडा. दाट तळं एका ढगाळ रात्रीत जातं. आणि कुणी ‘लवकर वाढतो’ म्हणून विदेशी मांगूर देऊ केला तर घेऊ नका, त्याच्या पालनावर बंदी आहे.

अस्तराचं तळं माणसासाठी धरणापेक्षा धोकादायक. ओलं प्लास्टिक शेवाळल्यावर पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. चारी कोपऱ्यांतून हातभर अंतरावर गाठी मारलेला जाड नायलॉनचा दोर तळापर्यंत सोडा, त्याचं वरचं टोक भरावात पुरलेल्या खुंटाला बांधा, एक-दोन हवा भरलेल्या ट्यूब पाण्यावर ठेवा आणि भोवती पाच फुटी जाळीचं कुंपण करा. हे कुंपण मात्र पहिल्या दिवसापासून हवं.

इथे तुमच्या पत्नीच्या ‘उगीच काळजी’कडे यावं लागतं. ती उगीच नाही. उघड्या पडलेल्या पात्रात गाळ वरून वाळून भेगाळतो आणि आत ओलाच राहतो. पोरं धावत जातात आणि मांडीपर्यंत रुततात. जुन्या विहिरी, खाणी, पडक्या भिंती त्यात असतात. होडीचं म्हणाल, तर 21 मे 2024 ला कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. उजनीचं पात्र रुंद, काठाला आडोसा नाही; वळवाचा वारा दुपारनंतर पाच मिनिटांत येतो आणि लाटा आडव्या मारतात. होडी घ्यायचीच तर माणशी एक लाइफ जॅकेट, बसल्यापासून उतरेपर्यंत अंगावर, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी होडी काठालाच. पहिलं वर्ष होडी नसली तरी काही बिघडत नाही. तुमच्या पत्राच्या शेवटी पत्नीचे मुद्दे अर्ध्या ओळीत आले आहेत. पोरं, रात्रीचा एकांत, दवाखाना किती लांब: त्यांच्याकडून पूर्ण यादी लिहून घ्या. एजंटाकडे घेऊन जायच्या प्रश्नांची ती चांगली सुरुवात आहे.

पाण्याबद्दल आणखी थोडं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी यांतून शेवटी भीमेत आणि उजनीत येतं. उन्हाळ्यात साठा कमी झाला की पाणी हिरवं पडतं, वास येतो. वाऱ्याच्या दिशेने जलपर्णीही येऊन काठाला लागते. हे पाणी गाळून, उकळूनही प्यायचं नाही. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी खरेदीआधी भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घ्या. क्षार (टीडीएस) लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. नायट्रेट 45 च्या वर नको, आणि जंतुतपासणीत कोलिफॉर्म अजिबात नको. नमुना मे महिन्यातला घ्या. ऑक्टोबरातल्या पाण्यात सगळं विरळ झालेलं असतं.

घर किंवा साधी शेड कुठं बांधायची हे डोळ्यांनी ठरवू नका. सर्व्हेअरकडून डम्पी लेव्हलने (उंची मोजायच्या यंत्राने) 496.83 मीटरची, म्हणजे भरलेल्या धरणाच्या पातळीची रेषा प्लॉटवर आखून घ्या. धरण शंभर टक्क्यांवर थांबत नाही, 110 च्या आसपासही साठा घेतात, आणि भीमेला पूर असताना वरच्या अंगाला, दौंड-भिगवणच्या बाजूला, पाणी भिंतीपाशी असतं त्यापेक्षा चढं राहतं. जोतं त्या रेषेच्या किमान दोन मीटर वर असू द्या. काळी माती फुगते-आकसते, म्हणून पाया मुरमापर्यंत न्या. बांधकामाआधी जलसंपदा विभागाचा ना-हरकत दाखला आणि बिगरशेतीची परवानगी लागते का, हे दोन्ही विचारून घ्या.

इतर जलाशयांवर जमीन बघणाऱ्यांनाही हेच प्रश्न विचारायचे आहेत, कार्यालयं तेवढी बदलतात. मुळशीचं धरण टाटा पॉवरचं आहे, तिथे जलसंपदा विभागाच्या दारात उभं राहून उपयोग नाही. पवनेला खासगी बंगल्यांच्या गर्दीत मूळ धरणग्रस्तांचे दावे तपासून घ्यावेत. आणि जमीन धरणाऐवजी नदीकाठची असेल, कृष्णा-पंचगंगेसारखी, तर पूररेषेचा नकाशा आधी मागा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत बांधकाम नाही. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदाची. 2019 आणि 2021 अशी दोन वर्षांच्या अंतराने सांगली-कोल्हापूरकडे पाणी आलं, तेव्हा ‘शंभर वर्षं’ या शब्दावर झोपू नका.

तुमचा व्यवहार मोडावा असं मला वाटत नाही. हिवाळ्यात पहाटे तिथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, दीड एकराचा तुकडा आहे, आणि शेततळ्यापुरती माती आहे. फक्त जूनअखेरची घाई तुमची नाही, विकणाऱ्याची आहे. मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाणी सगळ्यात खाली असताना, पत्नीला घेऊन एक रात्र त्या गावात राहा. जुलैत एकदा गाडीवाट तपासायला जा. त्याच्या आधी विकणाऱ्याला लेखी कळवा, की विसारपावतीची मुदत हद्द कायम मोजणीची ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) हातात येईपर्यंत वाढवावी, किंमत मोजणीत बांधाच्या वर भरेल तेवढ्या गुंठ्यांवर धरावी आणि क्षेत्र दहा टक्क्यांपेक्षा जास्त कमी भरलं तर विसार परत मिळावा. या तीन ओळींवर तो सही करतो की नाही, यावर पुढचं ठरवा. मुदतवाढीची नोंद मूळ पावतीवरच, दोन साक्षीदारांसमोर करून घ्या. फोनवरच्या ‘हो’ला काही अर्थ नाही.